मोडलेल्या हातापायांची दाद कोठें मागावी ?

उंसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी, ताकारी या टापूंतील रस्त्यांचें स्वरूपच पालटतें. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्यांकडे धांवत असतात. ट्रेलरच्या मागें दिवा असलाच तर तो वाढ्यांखालीं झांकलेला असतो. आणि चालकाच्या कानाशीं कर्णा इतक्या मोठ्यानें वाजत असतो कीं, मागच्या मोटारसायकलचा हॉर्न त्याच्यापर्यंत पोहोंचण्याची सोयच उरत नाहीं. अपघात कसे टाळावे याविषयीं पुष्कळ लिहून झालें आहे व पुढेंही लिहावें लागेल. आजचा आमचा विषय त्याच्या नंतरचा आहे. हात मोडला, पाय गेला, किंवा घरांतला कमावता मनुष्यच गेला, तर त्या घरानें कोणाच्या दारीं जावें, काय मागावें, आणि वकील केव्हां करावा व केव्हां करूं नये, याचा विचार आमचे सुशिक्षित व व्यापारी वाचकही अपघात घडेपर्यंत करीत नाहींत. आणि अपघात घडल्यावर तो करण्याचें त्राण कोणांत राहत नाहीं.

आमच्याकडे घडतें तें असें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं, घरांत सुतक असतांनाच, अथवा जखमी मनुष्य मिरजेच्या किंवा सांगलीच्या रुग्णालयांत शुद्धीवरही आला नसतांना, वाहनाच्या मालकाकडचीं चार वजनदार माणसें येऊन बसतात. 'झालें तें झालें, गेलेला मनुष्य कोर्टानें परत येत नाहीं,' असा उपदेश होतो. नात्यागोत्याचा, पतपेढीच्या कर्जाचा, पुढच्या वर्षीं तुमचा ऊंस कोण उचलील याचा, हलकासा उल्लेख होतो. आणि शेवटीं लाख-दीड लाख रुपये, तेही हप्त्यानें, देण्याचें ठरून स्टँपवर अंगठा उमटतो. याला मांडवली म्हणतात. ज्या कुंडलानें प्रतिसरकारच्या काळांत, म्हणजे १९४३ ते १९४६ या वर्षांत, परकीय सरकारची कचेरी झुगारून आपले तंटे आपणच तोडले, त्या गांवास कोर्टाची पायरी चढण्याचा तिटकारा असावा यांत नवल नाहीं. परंतु त्या वेळच्या पंचांपुढें सावकार व कूळ हे दोघेही सारख्याच जमिनीवर उभे केले जात. आजच्या मांडवलींत पंचच वाहनमालकाच्या ओसरीवरून निघालेले असतात, हा भेद विसरून चालणार नाहीं.

या कागदाचें खरें नुकसान त्यांतल्या रकमेंत नाहीं. असा खाजगी कागद न्यायाधिकरणाला बांधून ठेवतो असें नव्हे. पण त्याच्या जोडीला 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाहीं' असा जबाब पोलिसांपुढें दिला जातो, आणि मग फिर्याद नाहीं, पंचनामा अर्धवट, वाहनाचा क्रमांक कोठेंच धड नोंदलेला नाहीं, अशी अवस्था होते. पुढें हप्ते बंद पडले म्हणजे शहाणपण सुचतें; पण पुरावा तोंवर उंसाबरोबर गाळला गेलेला असतो. आणि गंमत अशी कीं, या मांडवलीनें वाहनमालकाचाही फायदा होतो असें नाहीं. ज्या अपघाताच्या भरपाईसाठीं त्यानें दरसाल थर्ड पार्टी विम्याचा हप्ता भरला, त्याच भरपाईचे पैसे तो पोलिसांच्या भीतीनें स्वतःच्या खिशांतून मोजतो. विमा कंपनी मात्र दोघांनाही दुरून नमस्कार करते.

प्रथम हें स्पष्ट समजलें पाहिजे कीं, भरपाई ही भीक नव्हे. ती कोणाच्या दयेवर किंवा देवाच्या इच्छेवर अवलंबून नाहीं. तो कायद्यानें दिलेला हक्क आहे, आणि तो जुना हक्क आहे. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवली व दोनच वर्षांत, १८५५ सालीं, दुसऱ्याच्या चुकीनें मनुष्य मेला तर त्याच्या बायकामुलांनीं भरपाई मागावी असा कायदा इंग्रजी नमुन्यावर येथें झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाच्या शेजारीं, १९१० सालीं कारखाना घातला आणि या भागांतल्या माणसाचा हात प्रथमच मोठ्या यंत्राजवळ गेला. यंत्राखालीं सांपडलेल्या हाताची किंमत मालकानें द्यावी हें ठरविणारा कामगार भरपाईचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानांत त्यानंतर तेरा वर्षांनीं, १९२३ सालीं, झाला. मोटारींचा कायदा १९३९ चा. त्यांतली सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ रोजीं अंमलांत आली. आणि अपघाताच्या दाव्यांसाठीं निराळीं न्यायाधिकरणें नेमण्याची सोय स्वराज्य आल्यावर १९५६ च्या दुरुस्तीनें झाली. सध्यां चालू आहे तो १९८८ चा मोटार वाहन कायदा, आणि त्यांत २०१९ सालीं फार मोठे फेरफार झाले आहेत. या सर्व कायद्यांचा अर्थ एकच कीं, दुसऱ्याच्या बेपर्वाईनें तुमचें अंग मोडलें तर त्या नुकसानीचा हिशेब रुपयांत करून घेण्याचा तुम्हांस अधिकार आहे. २०२२ या एका वर्षांत देशांतल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं व ४,४३,३६६ जखमी झालीं, असा केंद्र सरकारचाच आंकडा आहे. एखाद्या लढाईत इतकीं माणसें पडलीं असतीं तर देशभर हाहाकार झाला असता.

हिशेब कसा होतो तो वाचकांनीं स्वतः करून पाहावा, म्हणजे मांडवलीच्या लाख-दीड लाखांची लाज वाटूं लागेल. समजा, बत्तीस वर्षांचा गवंडी आहे, महिना बारा हजार मिळवितो, मागें बायको, दोन मुलें व आई आहे. वर्षाची मिळकत एक लाख चव्वेचाळीस हजार. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं प्रणय सेठी प्रकरणांत ठरवून दिल्याप्रमाणें, स्वतःचा धंदा करणारा मनुष्य चाळिशीच्या आंतला असला तर पुढें वाढणाऱ्या मिळकतीबद्दल शेंकडा चाळीस त्यांत मिळवावयाचे. म्हणजे दोन लाख एक हजार सहाशें झाले. त्यांतून मृताचा स्वतःचा खर्च म्हणून, घरांत चार ते सहा माणसें अवलंबून असतील तर, एक चतुर्थांश वजा घालावयाचा. राहिले एक लाख एकावन्न हजार दोनशें. याला वयाप्रमाणें गुणावयाचें. हा गुणक २००९ च्या सरला वर्मा प्रकरणांत ठरला असून एकतीस ते पस्तीस या वयास तो सोळा आहे. गुणाकार चोवीस लाख एकोणीस हजार दोनशें होतो. शिवाय अंत्यविधि, पत्नीचा सहवास इत्यादींच्या ठराविक रकमा निराळ्या, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज निराळें. सरकारी अधिकाऱ्याला कळणारी व गवंड्याच्या विधवेला न कळणारी अशी यांत कोणती विद्या आहे ? त्रैराशिक येणाऱ्या मुलाला हा हिशेब करतां येईल.

मनुष्य जिवंत राहिला पण अधू झाला, तर हिशेब थोडा नाजूक होतो, आणि फसवणुकीची जागा तीच आहे. डॉक्टर दाखल्यांत 'कायम अपंगत्व शेंकडा चाळीस' असें लिहितो तें त्या अवयवाविषयीं अथवा शरीराविषयीं असतें. मिळकत किती बुडाली हा प्रश्न निराळा असून त्याचा निकाल डॉक्टरानें नव्हे तर न्यायाधिकरणानें करावयाचा असतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें हा भेद फार स्वच्छ समजावून दिला आहे. डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित् शाबूत राहील. तोच हात गेलेल्या सुताराचा किंवा मोटार हांकणाराचा धंदाच बसेल. आमच्या वरच्या गवंड्याचा उजवा हात गेला असें धरा. जिवंत माणसाच्या बाबतींत स्वतःचा खर्च वजा होत नाहीं, म्हणून पूर्ण रक्कम बत्तीस लाख पंचवीस हजार सहाशें. दाखल्यावरचे शेंकडा चाळीस धरले तर बारा लाख नव्वद हजारांच्या आसपास मिळतील. उजव्या हातावांचून गवंड्याची कमाई शेंकडा सत्तर बुडाली असें शाबीत केलें तर साडेबावीस लाखांच्या वर मिळतील. मधले साडेनऊ लाखांहून अधिक रुपये हे एका नीट नेमलेल्या वकिलाचें काम आहे. औषधोपचाराचीं बिलें, रुग्णालयांत जाण्यायेण्याचा खर्च, शुश्रूषेला राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना, पुढें करावी लागणारी शस्त्रक्रिया, या बाबी निराळ्या मागतां येतात. पण त्यांचे कागद ठेविले असतील तरच.

कागदांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. अपघाताच्या रात्रीं पहिलें काम जखमीला रुग्णालयांत नेण्याचें, आणि त्यांत पैशाची अडचण आड येऊं नये म्हणून ५ मे २०२५ रोजीं केंद्र सरकारनें योजना जाहीर केली आहे. तिजप्रमाणें रस्त्यावरच्या अपघातांतील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरतां मिळावयाचे आहेत. नेऊन पोहोंचविणाऱ्या परोपकारी माणसाला पोलिसांनीं छळूं नये असाही कायदा आहे. त्यानंतर रुग्णालयाच्या पोलीस-नोंदींत अपघाताचें कारण खरें लिहविलें आहे ना, हें पाहिलें पाहिजे. पुष्कळदां घाबरलेला भाऊ 'घसरून पडला' असें सांगून मोकळा होतो, आणि ते दोन शब्द पुढें पांच वर्षें मानगुटीस बसतात. वाहनाचा क्रमांक, जागेचीं छायाचित्रें, पाहणारांचीं नांवें, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या हीं सर्व एका पिशवींत जपून ठेवावीं. मिळकतीचा पुरावा हवा. येथें आमच्या लहान व्यापाऱ्यांची व कारागिरांची पंचाईत होते, कारण वर्षभर कर चुकविण्यासाठीं जी मिळकत लपविली, ती न्यायाधिकरणापुढें एकदम दुपटीनें दाखवितां येत नाहीं.

पोलिसांचें काम आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढविलें आहे, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आलेल्या नियमांप्रमाणें पोलिसांनीं अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आंत न्यायाधिकरण व विमा कंपनी यांना कळवावयाचा, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांच्या आंत सादर करावयाचा आहे. तो अहवालच न्यायाधिकरणानें भरपाईचा अर्ज म्हणून धरावा, अशी कायद्याची आज्ञा आहे. गोहर महंमद प्रकरणांत डिसेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून राज्यांना तपशीलवार हुकूम दिले. म्हणजे कायद्याच्या कल्पनेप्रमाणें विधवेनें वकिलाचें दार ठोठावण्यापूर्वींच तिचें काम न्यायाधिकरणापुढें चालूं लागलें पाहिजे. प्रत्यक्षांत काय होतें तें ज्यानें त्यानें आपल्या ठाण्यांत जाऊन 'आमचा अहवाल गेला काय ?' असें विचारून पाहावें. हा प्रश्न विचारण्याला वकील लागत नाहीं. फक्त तो विचारण्याचा आपल्याला हक्क आहे हें माहीत असावें लागतें.

मुदतीची गोष्ट मात्र कडक आहे. १९९४ पासून पुढें अशा अर्जाला कालमर्यादाच नव्हती, त्यामुळें 'सावकाश करूं' ही संवय लोकांस जडली. २०१९ च्या दुरुस्तीनें सहा महिन्यांची मुदत पुन्हां घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीच्या वैधतेविषयींचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्या न्यायालयानें, केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळूं नयेत, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेश म्हणजे पावसांतली छत्री; तिच्या भरंवशावर घर बांधूं नये. सहा महिन्यांच्या आंत अर्ज पडलाच पाहिजे, असें समजून चालावें. अर्ज अपघात जेथें झाला तेथेंच करावा लागतो असें नाहीं; अर्जदार जेथें राहतो तेथल्या न्यायाधिकरणापुढेंही चालतो. कुंडलचा मुलगा पुण्याच्या रस्त्यावर जखमी झाला तर त्याच्या बापानें पुण्याला खेटे घालण्याचें कारण नाहीं. सांगली जवळ आहे.

आणखी एक सांपळा २०१९ च्या दुरुस्तीनें ठेविलेला आहे. कलम १६४ प्रमाणें, चूक कोणाची हें शाबीत न करतां, मृत्यूबद्दल पांच लाख व भारी दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची सोय आहे. ज्या ठिकाणीं साक्षीदार नाहीं, चूक आपल्याच माणसाची दिसते, किंवा घराला वाट पाहण्याचें बळच नाहीं, तेथें ही सोय उपकारक आहे. पण ही रक्कम विमा कंपनीच्या तडजोडीच्या मार्गानें स्वीकारली कीं कलम १६६ खालचा मोठा अर्ज आपोआप निकालांत निघतो. ज्याला चोवीस लाख मिळण्याजोगे आहेत त्यानें घाईनें पांच लाखांवर सही केली, तर त्याला परत फिरण्याची वाट नाहीं. विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत देकार सांगावा, असें कायदा म्हणतो. देकार ऐकावा, लिहून घ्यावा. सही करण्यापूर्वीं दोन दिवस मागून घ्यावे. आमच्या मतें वकिलाकडे जाण्याची जर कोणती एक घडी असेल तर ती हीच होय. त्या वेळीं एका तासाच्या सल्ल्याचे जे पैसे पडतील ते वांचविणारासारखा महागडा काटकसरी दुसरा नाहीं.

मग प्रत्येक अपघाताला वकील हवाच काय ? आम्ही स्वतः काळा कोट घातलेला आहे, तरी स्पष्ट सांगतों कीं, नको. खरचटलें, चार टांके पडले, आठ दिवसांत मनुष्य कामाला लागला, समोरच्यानें चूक कबूल करून दवाखान्याचें बिल दिलें, तेथें दाव्याच्या नादीं लागणें मूर्खपणाचें आहे. अज्ञात वाहन ठोकर देऊन पळून गेलें असेल, तर मृत्यूस दोन लाख व भारी दुखापतीस पन्नास हजार अशी निराळी योजना आहे. तिचा अर्ज महसुली अधिकाऱ्याकडे जातो व तो घरचा शिकलेला मुलगाही भरूं शकतो. अशा जखमींना पोलिसांनींच ही योजना समजावून सांगावी, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२४ मध्यें दिला आहे. शेतकऱ्यासाठीं राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची अपघात अनुदान योजना आहे, त्यांत मृत्यूला दोन लाख मिळतात. तीही वकिलावांचूनच व्हावयाची. परंतु मृत्यू झाला, कायमचें अधूपण आलें, लहान मूल जखमी झालें, समोरचा 'चूक तुमचीच' म्हणतो, विमा कंपनी चालकाच्या परवान्याचा किंवा विम्याच्या शर्तीचा मुद्दा काढते, दोन-तीन वाहनें एकमेकांवर ढकलतात, किंवा जखमी मनुष्य कोणाच्या कामावर होता याचाच वाद आहे, अशा ठिकाणीं वकिलावांचून जाणें म्हणजे तलवारीपुढें रिकाम्या हातांनीं जाणें होय. कारण समोर विमा कंपनीचा वकील पहिल्या तारखेपासून उभा असतो. फौजदारी खटल्यांत चालक निर्दोष सुटला म्हणून दावा बुडाला, असा समजही चुकीचा आहे. तेथें संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथें कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेंच पाहतात.

ट्रॅक्टरच्या बाबतींत तर हटकून वकील हवा. ट्रॅक्टरवर बसण्याची जागा एकट्या चालकाची असते. मडगार्डावर बसलेला मजूर, ट्रेलरमध्यें उंसावर झोंपलेली तोडकरीण व तिचें मूल, यांची जोखीम आमच्या विम्यांत नव्हती, असें विमा कंपनी सांगते, आणि कायद्यानें तें पुष्कळदां खरें ठरतें. २००७ च्या ब्रिजमोहन प्रकरणांत वीटभट्टीसाठीं माती आणावयास ट्रॉलींतून निघालेला मजूर जखमी झाला होता. कंपनी जबाबदार नाहीं असें ठरवूनही सर्वोच्च न्यायालयानें आपला विशेषाधिकार वापरून, कंपनीनें आधीं मजुराला पैसे द्यावे व मग मालकाकडून वसूल करावे, असा निकाल दिला. असा विशेषाधिकार सांगलीच्या न्यायाधिकरणापाशीं नाहीं. म्हणून त्याच अपघाताची मागणी कामगाराच्या भरपाईच्या वाटेनें करणें सोयीचें कीं मोटार कायद्याच्या वाटेनें, हें आधींच ठरवावें लागतें. दोन्ही वाटांनीं एकदम जातां येत नाहीं. १९२३ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली असून, कामावर येतांजातांना झालेला अपघातही, कामाशीं त्याचा संबंध दाखवितां आला तर, तिनें आंत घेतला आहे. मालकाच्या चुकीचा पुरावा येथें लागत नाहीं. 'तो आमचा माणूस नव्हे, मुकादमाचा आहे,' हें कारखान्यांचें ठरलेलें उत्तर असतें. परंतु कंत्राटदाराकरवीं काम करून घेणाऱ्या मुख्य मालकावर जबाबदारी टाकणारें तत्त्व १९२३ पासूनचें आहे, आणि मजुरानें आपला हक्क कागदावर सोडून दिला तरी तो सुटत नाहीं, हेंही तितकेंच जुनें आहे. मराठवाड्यांतून आलेला तोडकरी मेला तर त्याचें प्रेत टेम्पोंत घालून, हातावर कांहीं हजार ठेवून, गांवीं धाडण्याची जी रीत पडली आहे ती सहकाराच्या नांवाला काळिमा आहे. सहकारी कारखान्याचा सभासद हा त्या कारखान्याचा मालक आहे. म्हणजे हें पाप आमच्या पुष्कळ वाचकांच्या अंशाचें आहे.

शेतांत तुटून पडलेल्या विजेच्या तारेनें मनुष्य गेला तर काय, असेंही पुष्कळ लोक विचारतात. तेथें मोटार कायदा लागत नाहीं. पण २००२ सालीं मध्य प्रदेशांतील शैलकुमारी प्रकरणांत, पावसाळी रात्रीं सायकलवरून जातांना पडलेल्या तारेवर चाक जाऊन मेलेल्या माणसाच्या बाबतींत, इतका घातक पदार्थ वाहून नेणारानें आपली चूक नव्हती असें म्हणून सुटतां कामा नये, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. मृत्यूच्या अशा दिवाणी दाव्याला मुदत दोन वर्षांची आहे. येथें वकील लागतोच. आगगाडींतून पडून मृत्यू आला तर रेल्वेच्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जावें लागतें. तेथें मृत्यूची रक्कम २०१७ पासून आठ लाख आहे, आणि खिशांत तिकीट सांपडलें नाहीं एवढ्यावरून मागणी बुडत नाहीं, असें २०१८ सालीं ठरलें आहे.

आतां आमच्याच पेशाविषयीं. रुग्णालयाच्या आवारांत, ठाण्याच्या दाराशीं, कधीं कधीं स्मशानांतही, 'क्लेमची केस आम्हांला द्या, पैसे मिळाल्यावर वाटा द्या,' म्हणून फिरणारे दलाल असतात. त्यांच्या पाठीशीं कोणी ना कोणी वकील असतो हें लपवून उपयोग नाहीं. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणें वकिलानें निकालावर अवलंबून फी ठरविणें अथवा मिळालेल्या रकमेंत वाटा घेणें मना आहे. अशीलें मिळविण्यासाठीं दलाल फिरविणेंही मना आहे. तेलंगणांतील एका विधवेकडून मोटार अपघाताच्या भरपाईवर शेंकड्यानें फी मागून त्यासाठीं वकिलानें चेक घेतला होता. त्या चेकवरचा खटला सर्वोच्च न्यायालयानें ५ डिसेंबर २०१७ रोजीं रद्द केला व अशी शेंकडेवारी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरविली. २०२३ च्या दुरुस्तीनें दलालांच्या याद्या लावून त्यांना कोर्टाच्या आवाराबाहेर ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला आहे. त्याचा उपयोग सांगलीस किती झाला तें जिल्ह्याच्या वकीलमंडळानेंच जाहीर करावें. अशिलानें फी आधीं ठरवावी, पावती घ्यावी, कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर अथवा पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर सही करूं नये. भरपाई थेट अर्जदाराच्या बँकेंतल्या खात्यांत जमा व्हावयाची असते. वकिलाच्या खात्यांतून ती जाण्याचें कारण नाहीं. अज्ञान मुलांचे व अशिक्षितांचे पैसे मुदतठेवींत ठेवण्याचा जो हुकूम होतो त्याविरुद्ध पुष्कळ लोक कुरकुर करतात. पण ज्यांनीं भरपाईच्या पैशांतून दिराला मोटारसायकल व भाच्याला लग्न मिळालेलें पाहिलें आहे, ते त्या हुकमाला दुवा देतील.

व्यापारी वाचकांस दोन शब्द. तुमच्या टेम्पोचा चालक बेफाम हांकतो तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें तुम्हीच हांकत असतां. चालकाला परवाना नसला, तर कंपनी पैसे देऊनही मागाहून ते तुमच्या घरादारांतून वसूल करील. जुनी गाडी विकून टाकली पण कागदोपत्रीं नांव बदललें नाहीं, तर चौथ्या हातीं गेलेल्या त्या गाडीखालीं मेलेल्या माणसाची भरपाई तुमच्यावर बसते. २०१८ च्या नवीनकुमार प्रकरणांत नेमकें हेंच ठरलें. कुंडलच्या बाजारांत 'नांव नंतर करूं' या बोलीवर दर आठवड्यास किती मोटारसायकली हातपालट होतात याचा विचार करावा. अपघात घडल्यावर पहिल्याच दिवशीं विमा कंपनीस लेखी कळवावें, आणि ओसरीवरची मांडवली बंद ठेवावी.

ज्यांच्याजवळ वकिलाला द्यावयास पैसे नाहींत त्यांच्यासाठीं १९८७ चा विधि सेवा कायदा आहे. स्त्री कितीही मिळवीत असो, तिला सरकारी खर्चानें वकील मिळतो. मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कारखान्यांतल्या कामगारांना व अपंगांनाही मिळतो. इतरांना महाराष्ट्रांत वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आंत असल्यास मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि केला कीं चौकशी करतां येते. लोकन्यायालयांत तडजोड होते ती लवकर होते, पण तिच्यावर अपील नाहीं. म्हणून तेथें जातांना वरचा त्रैराशिकाचा हिशेब कागदावर मांडून न्यावा.

आमची मागणी थोडी आहे. औंधच्या राजेसाहेबांनीं १९३९ सालीं घटना देऊन गांवाच्या पंचायतीवर जो विश्वास टाकला, त्याला शोभेल असें एक काम कुंडलच्या ग्रामपंचायतीनें करावें : पोलिसांच्या ४८ तासांचा व ९० दिवसांचा नियम, सहा महिन्यांची मुदत, आणि फुकट वकील मिळण्याचा पत्ता, एवढ्या तीन गोष्टी ठळक अक्षरांत चावडीवर, एस. टी. च्या थांब्यावर व दवाखान्याच्या भिंतीवर लिहून काढाव्या. कारखान्यानें गाळपाचा परवाना पदरीं पडतांच, मोळी टाकण्यापूर्वीं, आपल्याकडे ऊंस आणणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरचा व ट्रेलरचा विमा आणि चालकाचा परवाना तपासून त्याची यादी वजनकाट्यावर लावावी, आणि ज्याच्या ट्रेलरला मागें तांबडा परावर्तक नाहीं त्याचें वजनच घेऊं नये. वजन होत नाहीं म्हटल्यावर परावर्तक एका रात्रींत बसतील.